महात्मा जोतीराव फुले आणि शाळेंतील अभ्यासक्रम

संत्र्याचें चांगलें झाड कसें तयार होतें हें आपल्या वरुडाकडील लहान मुलासही ठाऊक असतें. प्रथम जंबेरीचा खुंट वाढवावयाचा, आणि मग त्यावर संत्र्याचा डोळा बांधावयाचा. खुंटानें मातींत मूळ धरलें नसेल तर डोळा वाळून जातो. आणि डोळाच बांधला नाहीं तर खुंट कितीही जोमदार असला तरी त्यास गोड फळ येत नाहीं. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत नित्य चालणारी ही साधी गोष्ट शाळेच्या अभ्यासक्रमाविषयीं विचार करूं लागलें म्हणजे वारंवार आठवते.

शेतकरी बाप मुलास शाळेंत घालतो त्या दिवशीं त्याच्या मनांत दोन विचार एकमेकांशीं झगडत असतात. मुलगा चार अक्षरें शिकला तर सावकाराच्या कागदास व कचेरींतील नोटिशीस फसणार नाहीं, कदाचित् मोठ्या हुद्द्यावर चढेल, अशी आशा एकीकडे; आणि शिकल्यावर त्यास मातीचा कंटाळा येईल, तो ना धड शेताचा ना धड कचेरीचा असा होईल, ही भीति दुसरीकडे. मुलाच्या मनांतही प्रश्न असतोच. भूमितीचा सिद्धान्त, परदेशांतील नद्यांचीं नांवें, व्याकरणांतील प्रयोग यांचा आणि आपल्या घरच्या बागेचा संबंध काय, असें तो मनाशीं विचारतो. गुरुजींस विचारावयास मात्र धजत नाहीं.

हा प्रश्न आजचा नाहीं. शाळेंत काय शिकवावें, कोणास शिकवावें व कशासाठीं शिकवावें, यासंबंधीं महाराष्ट्रांत जवळजवळ दोनशें वर्षें वाद चालत आले आहेत. त्या वादांत शेतकऱ्याच्या मुलाची बाजू ज्या पुरुषानें प्रथम स्पष्टपणें व निर्भयपणें मांडली, त्या जोतीराव गोविंदराव फुले यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्यांच्या समाजसुधारणेची कथा आपण पुष्कळदां ऐकतों. अभ्यासक्रमाविषयींचे त्यांचे विचार मात्र तितके ऐकूं येत नाहींत.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजीं झाला. पेशवाई जाऊन त्या वेळीं नऊच वर्षें लोटलीं होतीं. त्याच सालच्या फेब्रुवारी महिन्यांत दूर स्वित्झर्लंड देशांत पेस्टालॉझी हा थोर शिक्षक निवर्तला होता. शब्दांच्या आधीं वस्तु दाखवावी, मुलाची बुद्धि, हृदय आणि हात या तिहींसही वळण लावावें, व हें सर्व गरिबांच्या मुलांकरितांही करावें, असा त्यानें जन्मभर आग्रह धरला. त्याचें नांव त्या वेळीं पुण्याच्या गल्ल्यांतून कोणास माहीत असण्याचा संभव नव्हता. परंतु तोच प्रश्न वेगळ्या रूपानें पुण्यांतही उभा राहूं लागला होता.

त्या काळीं महाराष्ट्रांत विद्येचे निरनिराळे प्रवाह वाहत होते. पहिला पंतोजींच्या शाळेचा. धुळपाटीवर अक्षरें गिरवावीं, पावकी, निमकी, औटकी घोकावी, मोडी वाचावें व लिहावें, हिशेब ठेवावा, एवढा तिचा अभ्यास असे. व्यापाऱ्यास व कारकुनास जें लागे तेंच तेथें मिळे; जगाचें ज्ञान तेथें नव्हतें. दुसरा प्रवाह शास्त्रविद्येचा. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशांतून १८२१ सालीं पुण्याच्या विश्रामबागवाड्यांत सरकारनें संस्कृत पाठशाळा उघडली. प्राचीन विद्या जतन व्हावी हा तिचा हेतु. परंतु त्या विद्येचें दार थोड्यांनाच उघडें होतें. तिसरा प्रवाह नव्या राज्यकर्त्यांचा. गव्हर्नर एलफिन्स्टन यांच्या प्रोत्साहनानें १८२२ सालीं मुंबईंत शाळा व शालोपयोगी पुस्तकें तयार करणारी मंडळी स्थापन झाली आणि गणित, भूगोल, व्याकरण या विषयांचीं मराठी पुस्तकें छापलीं जाऊं लागलीं. पुढें १८३५ सालीं कलकत्त्यास मेकॉले यांनीं आपला प्रसिद्ध अभिप्राय लिहिला, आणि वरच्या वर्गांतील थोड्या लोकांस इंग्रजी विद्या द्यावी म्हणजे ती त्यांच्याकडून पाझरत पाझरत खालपर्यंत पोंचेल, हें मत सरकारदरबारीं प्रबळ झालें.

चवथा प्रवाह मिशनरी शाळांचा. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईंत आले, व त्यांच्या मागून स्कॉटिश मिशनचे आले. प्रत्येक मनुष्यानें, मग तो स्त्री असो वा पुरुष, धर्मग्रंथ स्वतः वाचावा, या युरोपांतील प्रॉटेस्टंट विचारांतून त्यांच्या शाळा निघालेल्या होत्या. धर्मप्रसार हा त्यांचा हेतु उघड होता व तो त्यांनीं लपविला नाहीं. परंतु ग्रंथ सर्वांनीं वाचावयाचा म्हटल्यावर वाचावयास सर्वांस शिकविणें ओघानेंच आलें. म्हणून मुलींस व अस्पृश्य मानलेल्या लोकांस त्या शाळांचीं दारें इतरांच्या आधीं उघडलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत येते. अभ्यासक्रम हा विषयांचा नुसता तक्ता नसतो. व्यापाऱ्यास हिशेबनीस हवा, शास्त्र्यास शास्त्री हवा, सरकारास कारकून हवा, मिशनऱ्यास वाचक हवा. ज्यास जसा मनुष्य घडवावयाचा तसा त्याचा अभ्यासक्रम. या चौघांच्या यादींत नांगर धरणारा मात्र कोणाच्याच केंद्रस्थानीं नव्हता.

जोतीरावांचें घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. त्यांचें आडनांव गोऱ्हे. पुण्यास आल्यावर फुलांच्या धंद्यावरून फुले हें नांव पडलें. ते वर्षाचे होतात न होतात तोंच मातुःश्री चिमणाबाई वारल्या. नात्यांतील सगुणाबाई यांनीं त्यांस मायेनें वाढविलें. सातव्या वर्षीं गोविंदरावांनीं मुलास पंतोजीच्या शाळेंत घातलें. परंतु शिकून मुलगा बागकामास निरुपयोगी होईल, असें दुकानांतील एका कारकुनानें गोविंदरावांच्या मनांत भरविलें, आणि मुलाचें नांव शाळेंतून काढण्यांत आलें. जोतीरावांच्या हातीं खुरपें आलें. विद्या शेताचें वाटोळें करते ही समजूत किती जुनी आहे हें यावरून दिसेल. जोतीरावांच्या पुढील सर्व शिक्षणविचारांचें बीज आपणांस या प्रसंगांत शोधतां येईल. कारण ज्या भीतीमुळें त्यांची शाळा सुटली त्या भीतीचें उत्तर देणारी शाळा कशी असावी, हें त्यांनीं पुढें जगास सांगितलें.

सुदैवानें शेजारी गफार बेग मुनशी व लिजीट साहेब या दोघां सज्जनांस मुलाची बुद्धि दिसली. दिवसभर बागेंत राबून रात्रीं दिव्यापाशीं पुस्तक घेऊन बसणारा मुलगा वाया जाऊं नये, म्हणून त्यांनीं गोविंदरावांचें मन वळविलें; आणि १८४१ सालीं, चौदाव्या वर्षीं, जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत दाखल झाले. तेथें सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे यांसारखे ब्राह्मण मित्र त्यांस लाभले, व ही मैत्री पुढील कार्यांत कामास आली. १८४७ सालीं त्यांचें शिक्षण पुरें झालें. त्याच सुमारास टॉमस पेन याचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनीं वाचला. मिशनच्या शाळेनें त्यांस धर्मांतर करावयास लाविलें नाहीं, व त्यांनींही तें केलें नाहीं. परंतु ज्ञान हा कोणा एका जातीचा वतनी हक्क नव्हे ही जाणीव तेथील बांकावर बसून त्यांस आली, हें मान्य केलें पाहिजे.

जोतीराव विद्यार्थी होते त्याच वर्षांत मुंबईंत एक मोठा वाद पेटला होता. १८४० सालीं शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठीं बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालें. त्याचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचें मत असें कीं, पैसा थोडा आहे, तेव्हां तो निवडक लोकांस उत्तम इंग्रजी विद्या देण्यांत खर्चावा. त्याच बोर्डांतील जर्व्हिस साहेबांचें मत याच्या अगदीं उलट. परक्या भाषेंतून ज्ञान कधींही बहुजनांपर्यंत पोंचणार नाहीं, म्हणून मराठी व गुजराथी शाळांवरच भर द्यावा, असा त्यांचा पक्ष होता. आणि जगन्नाथ शंकरशेट यांनीं त्यांस पाठिंबा दिला. १८४७ व १८४८ या दोन सालीं हा वाद शिगेस पोंचला. दोन्ही पक्षांचे मुद्दे आजही आपल्या कानांवर पडतात. मुलास इंग्रजी शाळेंत घालावें कीं मराठी, असा प्रश्न घरोघरीं निघतो, तेव्हां पेरी व जर्व्हिस हेच पुनः बोलत असतात.

मुंबईंत हा वाद चालू असतां पुण्यांत एकवीस वर्षांच्या तरुणानें वाद न घालतां शाळाच काढली. १८४८ सालीं जोतीरावांनीं आपले मित्र गोवंडे यांच्याबरोबर अहमदनगरास जाऊन अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली, आणि पुण्यास परत येऊन बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा सुरू केली. शिकविणाऱ्या बाई हव्यात म्हणून आपल्या पत्नी सावित्रीबाई यांस त्यांनीं स्वतः शिकवून तयार केलें. सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा. शिक्षिकेचें काम हातीं घेतलें तेव्हां त्या पुरत्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. शाळेंत जातां येतां लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल टाकीत. समाजाच्या धाकानें गोविंदरावांनीं १८४९ सालीं मुलास व सुनेस घराबाहेर जावयास सांगितलें. ज्या घरानें एकदां जोतीरावांस शाळेंतून काढलें, तेंच घर आतां शाळेपायीं त्यांस सोडावें लागलें. ते घर सोडून गेले, परंतु शाळा सोडली नाहीं. कांहीं काळ ही शाळा बंद पडली, पण ३ जुलै १८५१ रोजीं बुधवार पेठेंतच चिपळूणकरांच्या वाड्यांत नवी शाळा उघडली, व तिच्या मागून आणखीही निघाल्या. १८५२ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं शाळा निघाली. त्याच वर्षीं १६ नोव्हेंबर रोजीं विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी यांच्या हस्तें सरकारनें त्यांचा जाहीर सत्कार केला. जेथें एकेकाळीं निवडक लोकांसाठींच शास्त्रविद्येची पाठशाळा उघडली होती, त्याच वाड्यांत मुलींस शिकविणाऱ्या माळ्याच्या मुलास शालजोडी मिळाली.

या शाळांतून वाचन, लेखन, गणित, व्याकरण, भूगोल, इतिहास असे विषय शिकवीत. मुलींस केवळ शिवणटिपण शिकवावें, असें तेव्हां अनेक सुशिक्षितांसही वाटे. परंतु जोतीरावांनीं मुलींच्या अभ्यासांत बुद्धीचे विषय कमी केले नाहींत. ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढें त्यांच्या नांवावर व्यावहारिक शिक्षणाचा पुरस्कार मांडतांना ही बाजू विसरली जाते.

१८५५ सालीं जोतीरावांनीं दिवसा राबणाऱ्या शेतकऱ्यांसाठीं व मजुरांसाठीं आपल्या घरींच रात्रीची शाळा सुरू केली. त्या शाळेंत ते स्वतः व सावित्रीबाई शिकवीत. मनुष्य शाळेच्या वेळेस येऊं शकत नसेल तर शाळेनें मनुष्याच्या वेळेस यावें, हा अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा विचार त्यामागें होता. त्याच सालीं त्यांनीं तृतीय रत्न हें नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीपुढें ठेवलें. विद्येवांचून अडाणी राहिलेलें एक शेतकरी जोडपें कसें नाडलें जातें व शेवटीं शाळेची वाट कशी धरतें, हा त्याचा विषय. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं.

दरम्यान सरकारचें शिक्षणधोरण बदलत होतें, निदान कागदावर तरी. १८५४ सालीं सर चार्लस् वुड यांचा खलिता आला. बहुजनांच्या शिक्षणाकडे आजवर दुर्लक्ष झालें असें त्यांत कबूल केलें होतें. परंतु १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, हीच सर्व शाळांची गुरुकिल्ली होऊन बसली. जें मॅट्रिकला विचारतील तें हायस्कुलांत शिकवावयाचें, आणि जें हायस्कुलास लागेल तें खालच्या शाळेंत. अशा रीतीनें, ज्यास कॉलेजांत कधींच जावयाचें नव्हतें त्याचाही अभ्यास कॉलेजच्या दारावरील पहारेकऱ्यानें ठरविला.

या धोरणाचें फळ काय झालें हें पाहण्यासाठीं सरकारनें १८८२ च्या फेब्रुवारींत सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण कमिशन नेमलें. त्यापुढें जोतीरावांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं लेखी निवेदन दिलें. आपण व्यापारी व शेतकरी असून पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद आहों व पूर्वीं मिशनच्या मुलींच्या बोर्डिंग शाळेंत शिक्षक होतों, अशी आपली ओळख त्यांनीं त्यांत करून दिली. मुलींची शाळा काढल्यास तेव्हां चौतीस वर्षें झालीं होतीं. पुस्तकी विद्वत्तेनें नव्हे, तर फळ्यापुढें उभें राहून आणि शेतांत वावरून मिळविलेला अनुभव त्या निवेदनांत उतरला आहे.

त्यांचा पहिला मुद्दा पैशाचा. सरकारचें उत्पन्न मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामांतून येतें, आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. वरून खालीं पाझरण्याची जी कल्पना होती तिचा त्यांनीं फोलपणा दाखविला. वरच्या वर्गांस मिळालेली विद्या त्यांच्याजवळच राहिली, खालीं थेंबही उतरला नाहीं. मुंबई इलाख्यांतील सुमारें नऊ दशांश खेडीं व जवळजवळ दहा लक्ष मुलें यांस प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाहीं, याकडे त्यांनीं लक्ष वेधलें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, आणि लोकल फंडाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग केवळ प्राथमिक शिक्षणाकडे लावावा, असें त्यांनीं मागितलें.

दुसरा मुद्दा अभ्यासक्रमाचा, व आपल्या विषयाचें मर्म येथेंच आहे. खेड्यांतील शाळेंत मोडी व बाळबोध वाचन आणि लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचें सामान्य ज्ञान, शेतकीचीं मूलतत्त्वें, आणि नीति व आरोग्य यांचे सोपे धडे असावेत, असा तक्ता त्यांनीं मांडला. खेड्यांतील शाळेंत विषय शहरांतल्यापेक्षां थोडे असले तरी चालतील, पण ते उपयोगी असावेत. शेतकीचे धडे नमुन्याच्या शेतावर प्रत्यक्ष काम करवून शिकविले तर देशाचें अतिशय कल्याण होईल, असें त्यांचें मत होतें. चालू क्रमिक पुस्तकें व्यवहारोपयोगी नाहींत व पायरीपायरीनें पुढें नेणारीं नाहींत, म्हणून तीं नव्यानें रचावीं. त्यांत धंदेशिक्षण, नीति, आरोग्य, शेतकी व उपयुक्त कला यांचे धडे गुंफावेत, असें त्यांनीं सुचविलें.

तिसरा मुद्दा शिक्षकाचा. अभ्यासक्रम कितीही उत्तम असला तरी तो शेवटीं शिक्षकाच्या मुखांतून व हातांतून मुलापर्यंत जातो, हें जोतीरावांस पक्कें ठाऊक होतें. शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतून निवडावे, म्हणजे ते लोकांत मोकळेपणानें मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील. प्रसंग पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास त्यांस लाज वाटूं नये. त्यांस ट्रेनिंग शाळेंत नेहमींच्या विषयांबरोबर शेतकी व आरोग्य हेही विषय शिकवावे. त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, आणि मोठ्या गांवीं तो पंधरा किंवा वीस रुपये असावा. गांवचे हिशेब तपासणें, दस्तऐवज नोंदणें, पोस्टाचें काम पाहणें, स्टँप विकणें अशीं कामें त्यांच्याकडे दिलीं तर गांवांत त्यांची प्रतिष्ठा वाढेल. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं शाळांस पूर्वसूचना न देतांही भेटी द्याव्यात. इतका बारीक तपशील पुष्कळ तत्त्ववेत्त्यांच्या ग्रंथांत सांपडत नाहीं.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, जोतीरावांस शेतकऱ्याच्या मुलानें शेतकरीच राहावें असें वाटत होतें. तसें असतें तर त्यांचा अभ्यासक्रम म्हणजे जुन्याच जातिधंद्यांवर नव्या शाळेचा शिक्का मारण्यासारखें झालें असतें. परंतु त्याच निवेदनांत त्यांनीं उच्च शिक्षणाविषयींही लिहिलें आहे. सरकारनें हायस्कुलें व कॉलेजें यांतून आपलें अंग काढून घेऊं नये, कारण तसें केल्यास शिक्षणाचा प्रसार खुंटेल, असें त्यांनीं बजावलें. उच्च शिक्षण सर्वांच्या आटोक्यांत यावें म्हणून मॅट्रिकच्या विषयांचीं पुस्तकें मद्रास व बंगालप्रमाणें सरकारी गॅझेटांत प्रसिद्ध करावीं. मुंबई विश्वविद्यालय घरीं अभ्यास करणारांस प्रवेशपरीक्षेस बसूं देतें तशीच मोकळीक वरच्या परीक्षांसही द्यावी. आणि ज्या वर्गांत विद्येचा प्रसार झालेला नाहीं त्यांच्या मुलांस शिष्यवृत्त्यांचा कांहीं भाग राखून द्यावा, असें त्यांनीं सुचविलें. खेड्यांतील शाळा आयुष्यास उपयोगी असावी, पण तिच्या पुढची वाट बंद असूं नये, या दोन्ही गोष्टी त्यांस एकदमच हव्या होत्या. त्यांच्या विचाराचें बळ या दोहोंस एकत्र ठेवण्यांत आहे.

कमिशनचा अहवाल १८८३ सालीं बाहेर पडला. प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोंपवावा, असें त्यानें सुचविलें. हायस्कुलांत दोन शाखा कराव्यात, एक विश्वविद्यालयाकडे जाणारी व दुसरी व्यापारधंद्यांकडे जाणारी, अशीही शिफारस केली. सक्तीच्या शिक्षणाची जोतीरावांची मागणी मात्र मान्य झाली नाहीं. आणि दुसरी शाखा कागदावर आली तरी मॅट्रिकचाच मान राहिला. धंद्याची शाखा ही मागें पडलेल्यांची, असा समज एकदां झाला म्हणजे हुशार मुलाचा बाप तिकडे फिरकत नाहीं. आजही हें खोटें आहे असें कोण म्हणेल?

त्याच १८८३ सालीं जोतीरावांनीं शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ पुरा केला. शेतकऱ्याच्या दुर्दशेचीं कारणें सांगून त्यांनीं उपायही सुचविले आहेत: पाणी अडवावें, माती वाहूं देऊं नये, जनावरांची निपज सुधारावी, पिकांचीं प्रदर्शनें भरवून बक्षिसें द्यावीं, आणि शेतकऱ्यांच्या मुलांस विद्या द्यावी. हें सर्व वाचलें म्हणजे त्यांची शाळेची कल्पना केवढी विस्तृत होती हें कळतें. शाळेंतील धडा आणि बांधावरील काम यांच्यामध्यें त्यांनीं भिंत मानली नाहीं.

जोतीरावांचें इतर कार्य येथें थोडक्यांतच सांगतों. १८६३ सालीं त्यांनीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला, १८७३ सालीं गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं सत्यशोधक समाज स्थापन केला. ११ मे १८८८ रोजीं मुंबईच्या जाहीर सभेंत लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षीं अर्धांगवायूनें त्यांचें उजवें अंग लुळें पडलें. तेव्हां डाव्या हातानें लिहून त्यांनीं आपला शेवटचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. सावित्रीबाई पुढें सहा वर्षें कार्य करीत राहिल्या, व प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना १० मार्च १८९७ रोजीं त्यांनींही देह ठेवला.

त्यांची मागणी मान्य होण्यास फार काळ लोटला. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. नामदार गोखले यांचें विधेयक १९१२ सालीं नामंजूर झालें. सर्व देशांतील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला तो १ एप्रिल २०१० रोजीं, म्हणजे जोतीरावांच्या निवेदनानंतर सत्तावीस वर्षें आणि वर एक शतक गेल्यावर.

अभ्यासक्रमाचा वाद तर आपल्या अगदीं शेजारीं पुनः उभा राहिला. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा नदीच्या पलीकडे, वर्धा गांवीं, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली, व डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली. मुलानें एखादा हस्तोद्योग शिकावा व त्यांतूनच गणित, इतिहास, विज्ञान यांचा बोध घ्यावा, असें तिचें सार. पुष्कळांनीं तिचें स्वागत केलें. परंतु सूत काढण्यांत दिवस घालविणारा गरिबाचा मुलगा, पुस्तकांत दिवस घालविणाऱ्या श्रीमंताच्या मुलाच्या मागें पडणार नाहीं काय, अशी शंकाही निघाली. ही शंका क्षुद्र नव्हती. ज्यांच्या पूर्वजांस शतकानुशतकें हाताच्या कामास जुंपून पुस्तकापासून दूर ठेवलें, त्यांस हाताच्या कामाची थोरवी ऐकतांना संशय येणें साहजिक आहे. ज्यांनीं शेत कधीं पाहिलें नाहीं, त्यांस शेतीचें शिक्षण सुंदर वाटतें. ज्यांनीं शेतांत जन्म काढला, त्यांस मुलाच्या हातीं पुस्तक हवें असतें.

आपल्या वऱ्हाडांतही याच बोधाचीं माणसें झालीं. शेणगांवास जन्मलेले संत गाडगे महाराज स्वतः अक्षरशत्रु राहिले, पण हातांतील ताट मोडा आणि भाकरी हातावर घेऊन खा, मुलास मात्र शाळेंत घाला, असा उपदेश खेडोपाडीं करीत फिरले. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं शिवाजी शिक्षणसंस्थेच्या द्वारें शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा व कॉलेजें काढलीं, आणि पुढें भारताचे कृषिमंत्रीही झाले. शेतकऱ्याचा मुलगा परदेशीं जाऊन उच्च विद्या मिळवितो आणि ती घेऊन शेतकऱ्याकडेच परत येतो, हें उदाहरण जोतीरावांनीं पाहिलें असतें तर त्यांस संतोष वाटला असता.

विद्यार्थिमित्रहो, मग शेतकऱ्याच्या मुलानें काय शिकावें? जोतीरावांच्या चरित्रावरून उत्तर असें निघतें कीं, हा प्रश्न शेतकऱ्याच्या मुलाचें हित डोळ्यांपुढें ठेवून सोडविला पाहिजे. त्यानें हिशेब शिकावा, म्हणजे व्यापारी संत्र्यांचा बगीचा उक्ता मागावयास आला असतां त्यास तोटा ओळखतां येईल. त्यानें आरोग्य व शेतकी शिकावी, म्हणजे विहिरीचें पाणी कां खालावलें आणि झाड कां सुकलें याचें कारण तो नशिबांत शोधणार नाहीं. परंतु त्यानें इतिहास, काव्य, भूमिति व परकी भाषाही शिकाव्या. कारण जगांत जें उत्तम आहे त्यावर त्याचाही वारसा आहे, आणि तो वारसा नाकारणारांशीं झगडण्यांतच जोतीरावांनीं आयुष्य वेंचलें. यांपैकीं एकच शिक, असें जो कोणी आपणांस सांगेल त्यास नम्रपणें विचारावें कीं, आपल्या स्वतःच्या मुलास आपण काय शिकवितां?

आणि ज्यांस शिक्षण मिळालें त्यांच्या पदरीं एक कर्तव्यही येतें. जोतीराव मिशनच्या शाळेंतून बाहेर पडले तेव्हां एखाद्या कचेरींत नोकरी पत्करून स्वस्थ बसणें त्यांस अशक्य नव्हतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. आपणांस मिळालेला दिवा त्यांनीं प्रथम आपल्या घरांत लावला, मग शेजारीं नेला, आणि मग ज्यांच्या घरीं कधीं दिवाच लागला नव्हता तिकडे घेऊन गेले. खुंट आपल्या मातीचा असावा आणि त्यावर डोळा उत्तमांतल्या उत्तम वाणाचा बांधावा, ही गोष्ट आपल्या बागवानांस कोणीं शिकवावी लागत नाहीं. तीच गोष्ट शाळेच्या बाबतींत आपण ओळखली, तर या थोर पुरुषाचें चरित्र वाचल्याचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.